टेलचा वाफा

आमच्या आबांकडं जेवायला बोलावणं आलं, तर स्वयंपाकघराच्या दारापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब बसावं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. बारामतीत नोकरी लागली, त्यांच्या घरातली वरची खोली भाड्यानं घेतली, आणि पहिल्याच आठवड्यात काकींनी पुरणपोळीला खाली बोलावलं. भूक कडाडून लागलेली, म्हणून मी दाराच्या तोंडाशीच बसले. आबा परात घेऊन बाहेर आले, माझ्या ताटावरून ती तशीच पुढं नेली, आणि पार भिंतीकडं बसलेल्या पाहुण्यापासून वाढायला सुरुवात केली. फिरत फिरत माझ्यापाशी पोचले तेव्हा परातीत नुसता तुपाचा ओघळ उरला होता.

"थांब जरा, तव्यावर हाय," ते म्हणाले. "हेडला बसलीस. हेडवाल्याला उशीर झाला म्हणून कोण मरत न्हाय."

मला असा राग आला म्हणता. पहिल्यांदा घरी बोलावलेल्या माणसाला कोण उपाशी बसवतं? काकींनी आतून गरम पोळी आणून वाढली आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "मनावर घेऊ नको. लग्नात मला बी सगळ्यांच्या शेवटी वाढलं हुतं ह्यांनी."

हे खूळ कुठून आलं ते कळायला मला थोडे दिवस गेले. आबा पाटबंधारे खात्यात पाटकरी होते, म्हणजे कालव्याचं पाणी ज्याच्या त्याच्या पाळीनं रानात सोडणारा माणूस. कालव्यातून चारी निघते. चारीच्या तोंडाशी ज्यांची रानं ते हेडवाले, आणि चारी जिथं संपते तिथले ते टेलवाले. पाणी वरून येतं, त्यामुळं हेडवाला आधी पोटभर घेतो, मधले मधल्या मध्ये फोडून घेतात, आणि टेलवाला कोरड्या चारीत उभा राहून शिव्या देतो. म्हणून नियम असा, की पाळी टेलपासून सुरू करायची. शेवटचं रान भिजलं की त्याच्या वरचं, मग त्याच्या वरचं. हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि कुणी पाळत नाही. आबांनी तो नोकरीभर पाळला आणि रिटायर झाल्यावर घरी घेऊन आले.

सत्यनारायणाचा प्रसाद ते मांडवाबाहेर चपला राखत बसलेल्या माणसापासून वाटायचे. पेपर शेवटच्या पानापासून वाचायचे. पिठाच्या गिरणीत रांगेतल्या सगळ्यात मागच्या बाईचा डबा उचलून त्यांनी एकदा पुढं ठेवला, तेव्हा बाकीच्या बायकांनी त्यांना असं फैलावर घेतलं, की त्यानंतर दळण आणायला काकीच जायला लागल्या. एसटीत सगळे चढल्यावर चढायचे, आणि एकटे असले तर बारामती ते इंदापूर उभ्यानं जायचे. काकी बरोबर असल्या तर गोष्ट वेगळी. "खूळ तुमाला हाय, माझ्या गुडघ्यांना न्हाय," असं म्हणून काकी कोपरानं वाट काढत आधी चढायच्या आणि दोघांची जागा धरायच्या. त्या जागेवर आबा निमूट बसायचे, हेही सांगितलं पाहिजे.

बोलणं सगळं पाण्याचं. कुणाला एखादी गोष्ट कळत नसली की म्हणायचे, "ह्याच्या डोक्यापातूर पाणी पोचत न्हाय, मधीच कुणीतरी फोडून घेतंय." दुपारच्या झोपेतून दचकून उठायचे आणि विचारायचे, "गेट पडलं का?" कालव्याचं गेट पडायचं ते पडलं होतं, नोकरी संपून कितीतरी वर्षं झाली होती. तरी अंगात खाकी शर्ट आणि खांद्यावर खोरं. खोरं घेऊन ते बँकेत गेले तेव्हा वॉचमननं अडवलं. आबा त्याला म्हणाले, "तुजी बंदूक तू घेऊन जातो का न्हाय आत? मग?" वॉचमन जरा विचारात पडला, पण खोरं बाहेरच राहिलं.

मी सुप्याकडची. आमच्याकडं पावसावरची जिराईत जमीन, माळ, हरणं आणि आभाळाकडं बघत बसणारी माणसं. कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या ह्या बागायती लोकांचा मला लहानपणापासून थोडा हेवा आणि थोडा राग. नळ चालू ठेवून कुणी दात घासायला लागलं तर अजून माझं डोकं फिरतं. आबांना हे फार आवडायचं. ते मला नावानं कधी हाक मारायचेच नाहीत. जिन्याखालून ओरडायचे, "ए जिराईत, खाली ये, चहा झालाय." कॉलनीतल्या बायकांना बरेच दिवस ते माझं आडनावच वाटत होतं.

त्यांचं स्वतःचं रान नव्हतं. भीमेकाठी होतं म्हणे, इंदापूर तालुक्यात, वडिलांच्या नावावर, काळंभोर. ते उजनीच्या पाण्याखाली गेलं. "आमचं रान पाण्यात आन आमी पाण्याच्या नोकरीत," असं सांगून स्वतःच हसायचे. पण एकदा जिन्यात बसून शेंगा फोडताना मला म्हणाले, "जन्मभर लोकांची रानं भिजवली. पहाटं दारं धरून पाणी पाजणाऱ्या माणसाला बगायचो. पाणी वाफ्यात शिरलं की त्येचं तोंड कसं हुतं ठावं हाय का तुला? वाटायचं, एकदा आपलं बी तोंड तसं हुऊ दे. लय न्हाय, हाथरुणाएवढं रान असलं तरी चाललं असतं." मी शेंगा फोडत राहिले.

आता ओपन स्पेसबद्दल सांगते. प्लॉट पाडले की नगरपालिकेसाठी एक मोकळी जागा सोडावी लागते. आमच्या कॉलनीत ती पाण्याच्या टाकीपासून मागच्या नाल्यापर्यंत होती. कागदावर ती बगीचा होती. प्रत्यक्षात वेडी बाभळ, फुटके कमोड, गणपतीच्या आराशीचं थर्माकोल आणि डुकरं. टाकी रोज सकाळी भरून वाहायची, कारण व्हॉल्व बंद करणाऱ्या माणसाला चहाची तल्लफ नेमकी त्याच वेळी यायची. ते चांगलं पाणी रस्त्यावरून गटारात जायचं. कॉलनीतले लोक त्यातून पँटी वर धरून ऑफिसला जायचे आणि कुणाला काही वाटायचं नाही. मला वाटायचं, आणि आबांना वाटायचं.

एका सकाळी आबा खोरं घेऊन गेले आणि टाकीच्या बुडापासून चारी काढायला लागले. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला काम नाही. मग त्यांनी बाभळी तोडायला घेतल्या. मग मी रविवारी जायला लागले, मग काकी शिव्या देत देत आल्या, मग मास्तर आले. मास्तर म्हणजे शेजारच्या बंगल्यातले, हायस्कुलातून रिटायर झालेले, भला माणूस, पण कुठंही चार लोक दिसले की अध्यक्ष होणारा. उन्हाळा संपेपर्यंत अर्धी कॉलनी तिथं घाम गाळत होती. घरागणिक एकेक वाफा ठरला. आबांनी सांगितलं, काय बी लावा, भाजीपाला लावा, फक्त पाणी टेलपासून फिरणार.

आणि ह्या लोकांनी काय लावलं? ऊस लावला. आधी कुणी कबूल करीना. प्रत्येकानं मेथीकोथिंबिरीच्या आड दोन-चार कांड्या हळूच पुरलेल्या, प्रत्येकाला वाटलं आपणच तेवढे हुशार. वडगाव निंबाळकर, बावडा, कुठून कुठून आलेली माणसं, गावाकडं सगळ्यांचा ऊस कारखान्याला जाणारा, पण काळी जमीन आणि फुकटचं पाणी दिसल्यावर हात दुसऱ्या कशाकडं वळेनाच. दिवाळीपर्यंत त्या जागेत फड उभा राहिला. मग कुणीतरी म्हणालं, आत बिबट्या आहे. आमच्या भागात आता ही थट्टेची गोष्ट राहिलेली नाही, त्यामुळं सगळी कॉलनी दारं लावून बसली. दुपारी उसातून बाहेर आली मास्तरांची हरवलेली कालवड, पोट टम्म फुगलेली. आबा इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. "अरं, वाफ्यात ऊस? उद्या तुळशीवृंदावनात लावचाल," असं म्हणत त्यांनी सगळ्यांकडून तो तोडून घेतला, आणि संक्रांतीपर्यंत आमच्या कॉलनीत पाण्याऐवजी पाहुण्यांना उसाचं कांडकं मिळत होतं.

पुढच्या वर्षापासून मात्र खरी बाग झाली. वांगी, गवार, दोडके, घेवडा. आबांना, खरं सांगायचं तर, शेतीतलं ओ की ठो कळत नव्हतं. वांगं किडलं की ते त्याच्याकडं रागानं बघायचे. पाणी मात्र असं फिरवायचे की शेवटच्या मिरचीच्या बुडाशी सुद्धा ओल जायची. आणि स्वतःसाठी त्यांनी वाफा घेतला तो पार शेवटचा, नाल्याला चिकटलेला, खारवट चोपण जमिनीचा. तिथं दुसरं काही येईना. चाकवत तेवढा आला, आणि आला तो असा की पानं तळहातापेक्षा मोठी.

मला वाटलं होतं, वाईट वाफा स्वतःला घेतला म्हणजे ह्या माणसाला हाव नाही. कुठलं काय. चाकवत उगवल्या दिवसापासून आबा बदलले. वाफ्याच्या चारी कोपऱ्यांना त्यांनी नाल्यातले दगड आणून पुरले आणि चुना लावला, गावाकडं हद्दीला असतात तसे. दोन खाटा मावतील एवढी जागा, पण तिला ते रान म्हणायचे. सकाळी चहा झाला की टोपी घालायचे आणि म्हणायचे, "जरा रानात जाऊन येतो." रानात जाऊन करायचे काय, तर बांधावरून चौफेर चक्कर मारायचे आणि मग उकिडवे बसून पानांकडं बघत राहायचे. काकी विचारायच्या, "पाजलं का पाणी माझ्या सवतीला?" आबा लाजायचे. ह्या वयाचा माणूस असा लाजताना मी दुसरा पाहिलेला नाही.

आणि जे आबांना झालं तेच सगळ्यांना झालं. वाफ्याला बांध होतेच, ते उंच व्हायला लागले. मग एकाच्या बांधाची माती दुसऱ्याच्या वाफ्यात सरकायला लागली. गावाकडं वीतभर बांधापायी सख्खे भाऊ मयताला जात नाहीत, तेच इथं घेवड्यापायी सुरू झालं. मास्तरांनी तारेचं कुंपण घातलं आणि नावाची पाटी लावली, पाटीवर पदवीसकट. त्यांच्या शेजारच्या वहिनींनी साड्या बांधून पडदा केला. एकीनं फाटक बसवून कुलूप लावलं, चार वांग्यांना. आबा ओरडायचे, "अरं बाग हाय का कोर्ट?" त्यावर मास्तर शांतपणे चुन्याच्या दगडांकडं बोट दाखवायचे, आणि आबा खोरं उचलून चालू लागायचे.

कुणीतरी तक्रार केली असणार. नगरपालिकेतल्या एक मॅडम पाहणीला आल्या. बाईंना मी दोष देत नाही. त्यांनी सगळी बाग शेवटपर्यंत चालून पाहिली, चाकवताचं कौतुकही केलं. मग टाकीखाली आम्हा सगळ्यांना उभं करून म्हणाल्या, "ही जागा सगळ्यांची आहे आणि तुम्ही ती वाटून घेतली आहे. हिला मी बाग कशी म्हणू? सोमवारी मी अहवालासाठी परत येते. तोवर इथं एक बाग दिसली तर मी बाग लिहीन. एकाही वाफ्याला मालक दिसला तर अतिक्रमण लिहावं लागेल. मग ही जागा मोकळी होऊन इथं सभागृह होईल, तो प्रस्ताव पडूनच आहे."

आबांनी विचारलं, "मॅडम, सभागृह नाल्यापातूर येणार का?"

"नाही. नाल्याला लागून बांधकाम करता येत नाही. तो मागचा तुकडा तसाच पडून राहील," त्या म्हणाल्या. "त्या तुकड्याकडं बघायला कुणी येणार नाही."

आम्ही सगळ्यांनी आबांकडं पाहिलं. मागच्या तुकड्यात एकच वाफा होता.

त्या रात्री जेवायच्या आधी मास्तरांच्या ओट्यावर मीटिंग झाली. बांध काढायला पाहिजेत हे सगळ्यांना मान्य. आधी कुणी काढायचा, तिथं गाडं अडलं. मास्तर म्हणाले, "माझी ना नाही. फक्त शेजारच्यांनी सुरुवात करावी."

वहिनी म्हणाल्या, "आमी कशाला? तुमचाच बांध आमच्यात हातभर आलाय. मी माझा काढला आन तुमचा तसाच राह्यला, तर?"

फाटकवाली म्हणाली की सगळे काढत असतील तर ती काढेल, शेवटी. असं सगळ्यांनीच म्हटलं. जो तो शेवटी काढणार होता. मला वाटलं आता आबा उठतील, चार पाण्याच्या म्हणी ऐकवतील, सगळ्यांना आडवं घेतील. आबा खाली बघत बसले होते. मीटिंग मोडली तशी ते आधी उठून गेले, आणि मला त्यांचा भयंकर राग आला. ह्याच माणसानं माझ्या ताटावरून पोळ्या पुढं नेल्या होत्या.

माझ्या खोलीकडं जायचा जिना त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरून जातो. मी मुद्दाम ऐकलं असं नाही, पण पाय थांबले हे खरं.

"दोन घास खावा," काकी म्हणत होत्या.

"एवढंच रान मिळालं हुतं गं," आबा म्हणाले.

"मग तुमचं कुठं जातंय? त्या बाईनं सांगितलं की. जन्मात पहिल्यांदा टेलला बसून तुमचं बरं झालंय. गप बसा. ज्येला त्येला आपलं रान राखता येतं."

भांड्यांचा आवाज झाला. मग आबा म्हणाले, "त्येंचं जाईल ना पर सगळं. टाकीखाली उभं ऱ्हाऊन कोण कसं रडवेलं झालं हुतं बगितलं का? मास्तर बी."

"मास्तरांनी कुंपण घातलं तवा तुमाला इचारलं हुतं का?"

"न्हाय," आबा म्हणाले. "पर आमी दगड पुरलं तवा त्येला इचारलं न्हाय." मी वर आले आणि मला झोप लागली नाही. माझा राग कुठं गेला होता कुणास ठाऊक. मला सारखं वाटत होतं की आबांनी बांध फोडू नये. बाग गेली तरी चालेल, त्या माणसाचं हाथरुणाएवढं रान राहू दे.

सकाळी खाली खोरं उचलल्याचा आवाज आला. मी गॅलरीतून पाहिलं तर आबा नाल्याकडं जाताना दिसले, डोक्यावर टोपी. मी तशीच पायात चपला सरकवून मागं गेले. ते वाफ्याशी उभे होते. नेहमीसारखी चौफेर चक्कर मारली. मग उकिडवे बसले, चाकवताच्या पानांवरून एकदा हात फिरवला, आणि उठून बांधावर पहिलं खोरं मारलं.

मी म्हणाले, "आबा, तुमचा राहिला असता."

"व्हय," ते म्हणाले.

"मग कशाला?"

"कुठनं तरी सुरू करायला पायजे ना जिराईत. आन मला दुसरीकडनं सुरू करायची सवय न्हाय." माती ओली होती, बांध पटकन सपाट झाला. दगड मात्र निघेनात. चुना लावलेले ते दगड त्यांनी इतके खोल पुरले होते की आम्ही दोघांनी मिळून हलवले तेव्हा कुठं सुटले. एकेक दगड त्यांनी पोटाशी धरून नाल्याकडं नेला आणि खाली ठेवला. टाकला नाही, ठेवला.

आबा मागं वळले तेव्हा मास्तर चहाचा कप हातात घेऊन उभे होते. ते किती वेळ बघत होते ठाऊक नाही. कप तिथंच चारीच्या काठावर ठेवला, आपल्या वाफ्यापाशी गेले आणि तार सोडवायला लागले. हातमोजे नाहीत, पकड नाही, बोटं सोलून निघाली. वहिनी आल्या, त्यांनी पडद्याच्या साड्या सोडल्या आणि त्यातलीच एक फाडून मास्तरांच्या बोटाला गुंडाळली. दुपारपर्यंत सगळी कॉलनी आपापले बांध फोडत होती. भांडणं झाली नाहीत असं नाही. "तुमचं वांगं आमच्याकडं आलं" इथपासून "येऊ दे की मग" इथपर्यंत सगळं झालं. फाटकवालीची किल्ली सापडेना, शेवटी फाटक कुलपासकट उपटलं. संध्याकाळी टाकीपासून नाल्यापर्यंत एकच रान होतं, मधे कुठंही रेघ नाही. आबांनी पाणी सोडलं. ते कुठंही न अडता पसरत गेलं, आणि आबा शेवटाला उभं राहून बघत होते. मी त्यांचं तोंड पाहिलं. दारं धरलेल्या माणसाचं तोंड होतं, पण डोळे गळत होते.

सोमवारी मॅडम आल्या. चालल्या, थांबल्या, काहीतरी लिहिलं, कोथिंबिरीची जुडी आम्ही दिली ती घेतली नाही. पुढं कुठलाच कागद आला नाही आणि जेसीबीही आला नाही. आमच्याकडं ह्यालाच परवानगी म्हणतात.

त्यानंतरही आबा रोज सकाळी बागेत जायचे, पण रानात जातो असं म्हणायचे नाहीत. म्हणायचे, "टाकीकडं जाऊन येतो." जायचे मात्र नाल्याकडंच. तिथं आता मास्तरांचा पालक आणि आबांचा चाकवत एकात एक उगवला होता, कुठून कुठपर्यंत काय ते कळत नव्हतं. आबा त्यातून चालायचे आणि बरोबर जिथं दगड होते तिथं वळायचे, चारही ठिकाणी, मग उकिडवे बसायचे. मी हे लांबून पाहायचे. पाहिलं की मला तिथून निघून जावंसं वाटायचं, आणि जाववायचं नाही.

मागच्या थंडीत ते न्हाणीघरात घसरले आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण नीट चालणं काही जमेना, म्हणून लेक त्यांना आणि काकींना बावड्याला तिच्या सासरी घेऊन गेली. काकी फोनवर सांगायच्या, "बरं हाय." एकदा म्हणाल्या, "जेवत न्हाईत गं. घास तोंडात घोळवत्यात आन काढून टाकत्यात. पोरीनं काय काय करून घातलं. मटण केलं. तोंड मिटून घेत्यात." पुढं त्यांना रडूच आलं. काकींना मी कधी रडताना ऐकलं नव्हतं.

रविवारी सकाळी बागेत गेले, नाल्याकडच्या कोपऱ्यातला चाकवत खुडला, ओल्या फडक्यात बांधला आणि बावड्याची गाडी धरली. आबा खिडकीशी पलंगावर होते. एवढासा माणूस झालेला. मला पाहून म्हणाले, "जिराईत, पाऊस हाय का तुमच्याकडं?" आणि डोळे मिटले. काकींनी चाकवताची पातळ भाजी केली, ताक घालून, लसणाची फोडणी दिली. भाकरी कुस्करून वाटी घेऊन त्या बसल्या. आबांनी तोंड फिरवलं.

मी वाटी हातात घेतली. "चाकवत हाय, आबा," मी म्हणाले.

"कुठला?"

"तुमच्या वाफ्यातला."

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं चुकलंच माझं.

"वाफं हायत का आता," ते हळू म्हणाले. "मीच फोडला की. तू हुतीस तितं."

मी हातातल्या वाटीकडं बघत बसले. काकी पदर तोंडाला लावून उठून आत गेल्या. बाहेर आबांचा जावई ट्रॅक्टर धूत होता, त्याचा आवाज येत होता.

"जिराईत," आबा म्हणाले.

"काय आबा?"

"म्हण परत."

"तुमच्या वाफ्यातला हाय," मी म्हणाले, आणि त्यांनी तोंड उघडलं.